टोपीकर किनाऱ्याला लागले तेव्हा तिथल्या माणसांना नक्की काय वाटलं?

काठावरचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न आहे, आधी कोणी धागा काढला असेल तर सांगा.

कोलंबस, वास्को द गामा, कोर्तेस, कॅप्टन कुक, ह्या सगळ्यांच्या गोष्टी आपण वाचल्या त्या जहाजावर उभं राहून. आधी दूरवर जमीन दिसते, मग झाडं, मग किनाऱ्यावर चारदोन माणसं, ती घाबरून पळतात नाहीतर पाया पडतात, आणि मग पुढचं सगळं सुरू. कॅमेरा कायम जहाजावर. किनाऱ्यावरून जहाजाकडे बघणारा माणूस काय विचार करत होता हे कोणी सांगतच नाही.

तर मला विचारायचंय की हे लोक गोऱ्यांना खरंच देव समजले होते का? अमेरिकेत म्हणे समजले, हवाईत म्हणे समजले, जिथे बघावं तिथे हीच स्टोरी, त्यामुळेच थोडा संशय येतो. आणि त्यांच्या बाजूने कोणी काही लिहून ठेवलंय का, का सगळं जिंकणाऱ्यांनीच लिहिलंय? आणि खरं म्हणजे तिसरी गोष्ट मला जास्त छळते. एवढी मोठी राज्यं, एवढी हुशार माणसं, मग हे पाहुणे उठून जाणार नाहीत हे कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? मी तिथे असतो, किनाऱ्यावर मासे सुकवत बसलेला कोणीतरी, तर मला काय दिसलं असतं?

अभ्यासू लोकांनी जरा सविस्तर लिहा प्लीज. एका ओळीचे प्रतिसाद नकोत.


जुनी वही

फार चांगला प्रश्न. तिन्हीची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत त्यामुळे सलग लिहितो, लांबलं तर माफ करा.

आधी देवाचं. मेक्सिकोची गोष्ट अशी सांगतात की तिथला राजा माँटेझुमा ह्याला वाटलं स्पॅनिश सरदार कोर्तेस म्हणजे परत येणारा देव केत्सालकोआत्ल, म्हणून त्याने दार उघडून दिलं. आता गंमत बघा, कोर्तेसने स्पेनच्या राजाला स्वतः लांबलचक पत्रं लिहिली आहेत, स्वतःची टिमकी वाजवायची एक संधी सोडलेली नाही, पण मला हे लोक देव समजले असं त्यात कुठेही नाही. असं काही झालं असतं तर हा माणूस गप्प बसला असता का? केत्सालकोआत्लची गोष्ट नीट आकाराला येते ती तीसेक वर्षांनी, पाद्री आणि स्पॅनिश लेखकांच्या हातून. माँटेझुमाच्या लोकांच्या नाहुआत्ल भाषेत 'तेओत्ल' असा शब्द आहे, त्याचा अर्थ देव होतो पण अद्भुत, भयंकर, काहीतरी वेगळंच असाही होतो. स्पॅनिश लोकांनी तो ऐकला आणि आपल्याला सोयीचा अर्थ घेतला. पुढच्या नाहुआत्ल कागदांमध्ये तेच लोक स्पॅनिशांना सरळ 'काश्तिलतेका' म्हणतात, म्हणजे स्पेनमधल्या कास्तीलचे रहिवासी, विषय संपला. अवांतर, स्पॅनिशांनी आणलेल्या कोंबडीचं नावसुद्धा त्यांनी ह्या कास्तीलवरूनच पाडलं. आणि घोडा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता तर त्याला ते आधी हरिणच म्हणायचे. घराच्या धाब्याएवढी उंच हरणं ह्यांना पाठीवर वाहून नेतात, असं वर्णन आहे.

हे वर्णन कुठे आहे, तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो. लिहिलंय, चांगलं भरपूर लिहिलंय. सहागून नावाच्या पाद्र्याने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्थानिक शिकलेल्या मुलांना हाताशी धरून, म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून बारा भागांचा ग्रंथ नाहुआत्लमध्ये लिहून घेतला, त्याचा बारावा भाग पूर्ण स्पॅनिशांनी मेक्सिको घेतलं त्या लढाईवर आहे. त्यात माँटेझुमाचे दूत स्पॅनिशांना सोन्याचे हार देतात तो प्रसंग वाचण्यासारखा आहे. माकडासारखं त्यांनी सोनं उचललं, त्यांचे चेहरे खुलले, डुकरासारखी त्यांना सोन्याची भूक होती, असं म्हटलंय. ज्याला तुम्ही देव समजता त्याच्याबद्दल असं बोलाल का हो?

पण सावधपणे वाचायचं, कारण हेही पडझडीनंतर तीस-चाळीस वर्षांनी लिहिलेलं आहे. आकाशात ज्वाळा दिसली, देवळाला आपोआप आग लागली, असले अपशकुन त्यात भरपूर आहेत. घरात मोठं काही वाईट झालं की नंतर सगळ्यांना आठवतं की बघा त्या दिवशी कुत्रं रडत होतं, तसलाच प्रकार. शिवाय सांगणारे होते शेजारच्या त्लातेलोल्को गावचे, आणि राजधानी तेनोच्तित्लानच्या राजाला, म्हणजे माँटेझुमाला, घाबरट ठरवण्यात त्यांचा थोडा जुना हिशेबही असावा.

पेरूचं तर ह्याहून स्पष्ट आहे. १५३२ च्या नोव्हेंबरात स्पॅनिशांचा पिसारो १६८ माणसं घेऊन काहामार्काला पोचला आणि इंकांचा राजा अताहुआल्पा ह्याला भर चौकात पकडलं. ह्या अताहुआल्पाचा पुतण्या तितू कुसी, जो नंतर डोंगरात टिकून राहिलेल्या इंका राज्याचा राजा होता, त्याने १५७० मध्ये आपली बाजू सांगून लिहून घेतली. पहिल्यांदा स्पॅनिशांना पाहणाऱ्यांनी काय सांगितलं, तर चांदीचे पाय असलेल्या जनावरांवर बसतात (नाल!) आणि एकटेच बसून पांढऱ्या फडक्यांशी बोलतात, माणूस माणसाशी बोलतो तसं. म्हणजे वाचतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिलो होतो. सुरुवातीला त्यांना 'विराकोचा' म्हटलंही, तो त्यांचा निर्माता देव. पण त्यांच्याबरोबर काही वर्षं काढल्यावर तितू कुसीचा बाप मांको इंका आपल्या लोकांना सांगतो की मी फसलो, ही विराकोचाची नव्हे तर सैतानाची पोरं आहेत.

तर देव वगैरे म्हटलं असेल तर ते पहिल्या काही दिवसांचं. नवीन वस्तूला हाताशी असलेलं नाव द्यायचं, घोड्याला हरीण म्हणायचं, त्याच जातीचं ते. हवाईत कुकला लोनो देव समजले का ह्यावर तर मानववंशशास्त्रज्ञांचं मोठं भांडण झालं, श्रीलंकेच्या गणनाथ ओबेसेकरांनी १९९२ मध्ये म्हटलं की नेटिव्हांना आम्ही देव वाटतो ही युरोपियनांचीच दंतकथा आहे, आणि मार्शल सालिन्सने त्यांना उत्तर द्यायला अख्खं पुस्तक लिहिलं. मला स्वतःला ओबेसेकरांचा मुद्दा जास्त पटतो, निदान मेक्सिकोच्या बाबतीत तरी.

तिसऱ्या प्रश्नावर नंतर लिहितो, जेवायला बोलावतायत.


खवचट खार

एवढा मानसशास्त्राचा घोळ कशाला घालायचा. घरभेदी होते म्हणून हरले. कोर्तेसकडे आला तेव्हा पाचेकशे माणसं होती, तेवढ्यांनी लाखो लोकांचं राज्य घेतलं असं कोणी म्हणत असेल तर मी मानत नाही. त्याच्याबरोबर हजारोंनी शेजारच्या त्लाश्काला राज्याचे लोक लढले, दुभाषी मालिन्चे तिथलीच. आपल्याच माणसांनी दगा दिला की बाहेरच्याला काही करावंच लागत नाही. सगळीकडे हेच.


मधली सुट्टी

खार, पहिलं अर्धं बरोबर, पण 'आपल्याच' हा शब्द तिथे बसत नाही हो. त्लाश्कालाच्या माणसाला जाऊन सांगितलं असतं की तू आणि तेनोच्तित्लानवाले एकच, तर त्याने तुम्हाला वेड्यात काढलं असतं. त्या शहराने त्लाश्कालाला पिढ्यान्पिढ्या कोंडून धरलं होतं, मीठसुद्धा धड मिळू देत नव्हते, लढाईत पकडलेली माणसं नेऊन बळी द्यायचे. 'आपण सगळे नेटिव्ह' ही कल्पना तेव्हा नव्हतीच, ती गोऱ्यांनी सगळ्यांना एकाच दावणीला बांधल्यावर आली. त्लाश्कालाच्या बाजूने बघितलं तर एक नवा, जरा विचित्र, पण लढायला जबरदस्त भिडू मिळालाय आणि तो घेऊन आपण जुन्या शत्रूला संपवतोय. आणि आधी ते कोर्तेसशी लढले, मगच दोस्ती केली, म्हणजे चाचपून बघून केलेला व्यवहार होता तो. पुढे १५५२ च्या आसपास त्यांनी एका मोठ्या कापडावर ह्या सगळ्या लढाया चितारल्या, त्यात ते स्वतःला हरलेले दाखवतच नाहीत, विजेते म्हणून दाखवतात. स्पेनला माणसं पाठवून सवलतीही मागितल्या, काही मिळाल्या पण.

मालिन्चेचं तर आणखीच. तिला लहानपणी विकलेलं होतं आणि नंतर वीसेक बायकांबरोबर स्पॅनिशांना भेट म्हणून देऊन टाकलेलं. जिला दोनदा वस्तूसारखं देऊन टाकलं तिने नक्की कोणाशी इमान राखायचं होतं ते तुम्ही मला सांगा.


खवचट खार

बरं ताई, घरभेदी शब्द मागे घेतो. पण देवीचं काय? १५२० मध्ये देवीची साथ आली, माँटेझुमानंतर आलेला राजा तीनेक महिन्यात तिनेच गेला, शहरात प्रेतं उचलायला माणसं नव्हती, मग १३ ऑगस्ट १५२१ ला शहर पडलं. सिडनीला इंग्रज उतरले १७८८ ला आणि १७८९ मध्ये तिथेही हेच. जंतूंपुढे कोणाला काय वाटलं ह्याला काय किंमत आहे?


जुनी वही

किंमत आहे, कारण साथ आल्यावर काय करायचं हे माणसं आपल्या समजुतीवरच ठरवतात. सहागूनच्या ग्रंथात साथीचं वर्णन आहे, माणसं हलू शकत नव्हती, कूस बदलली तरी ओरडायची, आणि कितीतरी जण देवीने नाही तर भुकेने गेले कारण भाकरी करून द्यायला घरात कोणी धडधाकट उरलंच नव्हतं. हे बाहेरच्या कोणी लिहिलेलं नाही, वाचलेल्यांनी सांगितलंय. तुमचा मुद्दा अजिबात खोटा नाही, देवी नसती तर पुष्कळ ठिकाणी वेगळं झालं असतं. पण आशियात, आफ्रिकेत ह्या साथी आधीपासून होत्या, तिथे जंतू गोऱ्यांच्या बाजूने लढले नाहीत, उलट आफ्रिकेत गोरेच तापाने पटापट मरायचे. तरी तिथेही शेवट फार वेगळा झाला नाही. मग?


दर्यावर्दी

कालिकतचं कोणीच काढलं नाही अजून, म्हणून मी काढतो.

मे १४९८. गामाने आधी स्वतः न उतरता जहाजावरचा एक शिक्षा झालेला कैदी खाली पाठवला (मेला तर मेला!). तो बंदरात भेटला ट्युनिसच्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांना आणि त्यांनी चक्क स्पॅनिशमध्ये विचारलं, तुला इथे कुठल्या सैतानाने आणलं? म्हणजे ज्याला आपण 'शोध' म्हणतो तिथे ह्यांची भाषा बोलणारी माणसं आधीच दुकान मांडून बसलेली होती.

मग सामुतिरी राजासाठी नजराणा काढला. पट्ट्यापट्ट्याच्या कापडाचे बारा तुकडे, चार लाल टोप्या, सहा हॅटा, पोवळ्याच्या चार माळा, सहा भांड्यांचा एक संच, साखरेची पेटी, तेलाची दोन पिंपं आणि मधाची दोन. राजाची माणसं बघून हसायला लागली. म्हणाली की मक्केचा भिकारातला भिकार व्यापारीसुद्धा ह्याहून जास्त देतो, राजाला द्यायचं तर सोनं द्या. आणि राजाने नंतर गामाला विचारलेला प्रश्न तर मला पाठ आहे, तू दगड शोधायला आलास का माणसं? माणसं शोधायला आला असशील तर रिकाम्या हाताने कसा आलास? हे सगळं पोर्तुगीजांनीच लिहून ठेवलंय बरं का, म्हणजे आपल्या लोकांनी पदरचं घातलेलं नाही.

तर कालिकतला हे लोक देव नाही की राक्षस नाही, नुसते दरिद्री वाटले. गचाळ कपड्यातले, व्यवहार न कळणारे, कस्टम भरायला कुरकुर करणारे व्यापारी. आणि त्या दिवसापुरतं ते शंभर टक्के बरोबर होतं! चूक झाली ती पुढची. त्या समुद्रावर शेकडो वर्षं अरब, गुजराती, चिनी, मलाया असे सगळे येऊन जात होते, बंदराच्या राजाला जकात द्यायचे, भांडायचे, पण समुद्र कोणाचा हा प्रश्नच कधी पडला नव्हता. १५०२ ला गामा परत आला आणि मक्केहून येणारं यात्रेकरूंचं जहाज, बायकापोरांसकट, जाळून टाकलं. मग सुरू झाला कार्ताझ, म्हणजे परवाना. आमचा कागद असेल तरच आमच्या समुद्रात जहाज घाला. मलबारच्या शेख झैनुद्दीन मखदूमने १५८० च्या दशकात अरबीत ह्या सगळ्याचा इतिहास लिहिला, त्यात हाच संताप आहे की जो रस्ता सगळ्यांचा होता त्यावर हे नाकं धरून बसले.

आणि ज्याला हे सगळ्यात स्वच्छ दिसलं तो आपलाच माणूस. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, १७१५-१६ च्या सुमाराचं. त्यात साहुकारांचं प्रकरण आहे आणि मध्येच टोपीकरांबद्दलचा इशारा. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) वगैरे सावकारी करतात, पण हे बाकीच्या सावकारांसारखे नव्हेत, ह्यांचे धनी तिकडे राज्य करतात, त्यांच्या हुकुमाने हे इकडे येतात, मग राज्य करणाऱ्याला जागेचा लोभ सुटणार नाही असं होईल कसं? पुढे तर वखारीला जागा कुठे द्यावी आणि कुठे अजिबात देऊ नये इथपर्यंत बारीक सांगितलंय. समुद्राकाठी, खाडीकाठी नको. किल्ल्याजवळ तर नकोच. आत कुठेतरी, गाव शेजार असेल अशा ठिकाणी, पक्की इमारत न बांधू देता. एखाद्या अनुभवी घरमालकाने भाडेकरूबद्दल मुलाला सांगावं तसं.


काठावरचा

बापरे, हे आज्ञापत्रातलं माहीतच नव्हतं, धन्यवाद. पण मग एक कळत नाही. अमात्यांना हे १७१५ ला दिसत होतं तरी १८१८ झालंच. म्हणजे दिसून उपयोग काय? का दिसायला उशीर झाला होता?

आणि जपानने कसं जमवलं? त्यांनी तर हाकलून दिलं ना?


दर्यावर्दी

जपानकडे पोर्तुगीज १५४३ ला आले, तानेगाशिमा नावाच्या बेटावर. तिथल्या तरुण सरदाराने त्यांच्याकडून दोन बंदुका विकत घेतल्या आणि लोहाराला सांगितलं हे बनव. काही वर्षांत जपानात हजारोंनी बंदुका झाल्या. माणसांबद्दल मात्र त्यांचं मत फार मजेशीर आहे, हाताने खातात, काठ्या वापरत नाहीत, लिहिलेली अक्षरं कळत नाहीत (म्हणजे चिनी अक्षरं!), रागलोभ लपवता येत नाही, इकडून तिकडे हिंडत आपल्याकडचं देऊन नसलेलं घेतात, बाकी निरुपद्रवी आहेत. म्हणजे गावंढळ फेरीवाले.

तिथे नशीब असं की पुढच्या पन्नाससाठ वर्षांत आपसातली युद्धं संपून एकच केंद्रीय सत्ता उभी राहिली. तिने १६३९ ला पोर्तुगीजांना बाहेर काढलं आणि १६४१ पासून डचांना नागासाकीसमोरच्या एका छोट्या कृत्रिम बेटावर बसवलं, म्हणजे अमात्यांनी सांगितली तसली वखार, फक्त अंमलबजावणी कडक. पण त्याची किंमत तिथल्या ख्रिस्ती झालेल्या लोकांनी भोगली, हजारोंना छळून मारलं, त्यामुळे फार टाळ्याही वाजवू नयेत. आणि १८१८ चं म्हणाल तर जागा नाकारायला एक हात लागतो. आपल्याकडे एकाने वखारीला नाही म्हटलं की शेजारचा हो म्हणायला तयार, कारण त्याला तोफा हव्या असायच्या.


मधली सुट्टी

मला वाटतं 'दिसायला उशीर' ह्याचं उत्तर कॉंगोमध्ये सगळ्यात नीट मिळतं, आणि वाचून फार वाईट वाटतं. तिथला राजा अफोन्सो, मूळ नाव न्झिंगा म्बेम्बा, हा पोर्तुगीजांचा शत्रू नव्हता, भक्त होता म्हणा ना. ख्रिस्ती झालेला, पोर्तुगीज लिहिता येणारा, मुलाला शिकायला लिस्बनला पाठवणारा, तो मुलगा पुढे बिशप झाला. पोर्तुगालच्या राजाला तो भाऊ म्हणून पत्रं लिहायचा. १५२६ मधली त्याची पत्रं आजही आहेत. तुमचे व्यापारी रोज आमची माणसं उचलून नेतायत, चांगल्या घरची मुलं, सरदारांची मुलं, आमचे नातेवाईक, देश ओस पडत चाललाय. आम्हाला तुमच्याकडून पाद्री आणि शाळेत शिकवायला थोडे मास्तर पाठवा, आणि प्रार्थनेसाठी लागणारी वाइन आणि पीठ, बाकी माल नको. इतकं स्वच्छ. पण त्याच मालाच्या जोरावर त्याचे स्वतःचे सरदार त्याच्या हाताबाहेर गेले होते, आणि तो स्वतःही युद्धातले कैदी विकत होताच, ते लपवून चालणार नाही. व्यापार आत शिरला की नको म्हणणारा हातच आधी कमजोर होतो, असं मला ते वाचून वाटलं.

साधी माणसं काय म्हणत होती तर ते आणखी वेगळं. त्या भागात मेलेल्यांचा देश पाण्यापलीकडे असतो आणि मेलेली माणसं पांढरी असतात अशी समजूत होती. आता पाण्यापलीकडून पांढरी माणसं येतात, आपली माणसं जहाजात घालून नेतात आणि नेलेल्यातलं कोणी परत येत नाही. मग लोक म्हणायचे की हे तिकडे नेऊन आपल्याला खातात, लाल वाइन म्हणजे आपलं रक्त, तेल आपल्या चरबीचं, बंदुकीची दारू आपल्या जाळलेल्या हाडांची. गोरे ह्यावर हसायचे, अडाणी म्हणायचे. साखरेच्या मळ्यात पाठवलेली माणसं किती वर्षं जगायची ते वाचा आणि मग सांगा अडाणी कोण.

बांदा बेटांचंही लिहायचं होतं. जगात तेव्हा जायफळ आणि जायपत्री फक्त तिथे व्हायची, चिमुकली बेटं. राजा नाही, गावोगावचे मानकरी मिळून कारभार बघायचे. डचांनी त्यांच्याकडून डच भाषेतल्या करारांवर सह्या घेतल्या की माल फक्त आम्हालाच विकायचा. बांदावाल्यांच्या दृष्टीने करार म्हणजे ह्या मोसमाची दोस्ती, आणि तांदूळ, साबुदाणा आणणारे जावा-मकासरचे जुने व्यापारी सोडून कसं चालेल, खायचं काय? म्हणून ते त्यांनाही विकत राहिले, इंग्रजांनाही विकत राहिले. डचांच्या हिशेबी हा करारभंग. १६२१ मध्ये कून नावाचा गव्हर्नर फौज घेऊन आला, चौवेचाळीस मानकऱ्यांना भाड्याच्या जपानी तलवारबाजांकडून मारलं, आणि पंधराएक हजार लोकवस्तीतले हजारभरच बेटांवर उरले असा अंदाज आहे. बाकीचे मेले, गुलाम झाले नाहीतर होड्या घेऊन पळाले. पळालेल्यांची दोन गावं काई बेटावर अजून आहेत आणि बांदाची जुनी भाषा आता तिथेच बोलली जाते, बांदात नाही.


जुनी वही

परत आलो. मधली सुट्टी ह्यांनी करारांचं काढलं तर न्यूझीलंड आठवलंच. १८४० च्या वैतांगी करारात इंग्रजी मसुद्यात आहे सार्वभौमत्व दिलं, आणि माओरी मसुद्यात शब्द आहे 'कावानातांगा', तो 'गव्हर्नर' वरूनच बनवलेला, म्हणजे फार तर कारभार बघणं. सरदारी आपल्याकडेच राहिली असं त्यात वेगळं लिहिलेलं. पाचशेच्या वर सरदारांनी खुणा केल्या त्यातल्या बहुतेकांनी माओरी कागदावर. ह्यावरचं भांडण आजपर्यंत चालू आहे.

तिथलीच एक आठवण मला फार आवडते. १७६९ ला कुक आला तेव्हा 'ते होरेता' नावाचा एक लहान मुलगा किनाऱ्यावर होता. त्याने म्हातारपणी, १८५० च्या आसपास, सांगितलंय की गोरे होडी वल्हवत आले तेव्हा त्यांची पाठ किनाऱ्याकडे होती, तर आमचे म्हातारे म्हणाले ही भुतं आहेत, ह्यांचे डोळे मागे असतात. माओरी पुढे तोंड करून वल्हवतात ना. तासाभरात कळलं की हे खातात, हसतात, दगड गोळा करतात, मग पोरं जवळ जायला लागली. कुकने त्याच्या डोक्यावर हात फिरवून एक खिळा दिला, तो त्याने पुढे कितीतरी वर्षं जपून वापरला.

आता तुमचा मूळ प्रश्न, कसं लक्षात आलं नाही. माझं मत असं की समोरचा माणूस त्यांनी बरोबर ओळखला होता, सगळीकडे. लोभी आहे, अंघोळ करत नाही, लढायला वाईट नाही, शब्दाला पक्का नाही. जे ओळखता येण्यासारखं नव्हतं ते त्या माणसाच्या पाठीमागचं. किती आहेत, कोणी पाठवलंय, हा मेला तर पुढच्या वर्षी दुसरा येईल का. व्हर्जिनियाची गोष्ट सांगतो. इंग्रजांनी १६०७ ला तिथे जेम्सटाउन वसवलं. तिथला मोठा राजा पोव्हाटन, पोकाहॉन्टसचा बाप. १६१६ मध्ये ती इंग्लंडला निघाली तेव्हा त्याने आपला एक जाणता माणूस, उत्तमतोमाक्किन, बरोबर दिला आणि सांगितलं की तिकडे माणसं किती आहेत मोजून ये. मोजायची पद्धत म्हणजे काठीवर माणसामागे एक खाच. तो प्लिमथ बंदरात उतरला, काठी काढली, खाचा पाडायला लागला, आणि थोड्याच वेळात नाद सोडून दिला.

ह्याला वेंधळेपणा म्हणता येणार नाही, प्रश्न अचूक होता, त्याचं उत्तर काठीवर मावणारं नव्हतं. आणि अमात्यांनी शंभर वर्षांनी लिहिलं ते हेच की वखारीतल्या माणसाकडे बघू नका, त्याच्या धन्याकडे बघा.


खवचट खार

काठीचं भारी आहे, मान्य. पण राजांचं आणि जाणत्यांचं झालं सगळं. धागाकर्त्याने मासे सुकवणाऱ्याचं विचारलं होतं.


जुनी वही

त्याचंही आहे की. एप्रिल १७७०, ऑस्ट्रेलियाचा बॉटनी बे. कुकचं जहाज खाडीत शिरलं, शंभर फुटी लाकडी डोंगर, त्या लोकांनी आयुष्यात असलं काही पाहिलेलं नाही. जहाजावरच्या बँक्स नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने डायरीत लिहिलंय की होडीत बसून मासे मारणारी माणसं होती, जहाज त्यांच्या अगदी जवळून गेलं, त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. एक म्हातारी मुलांना घेऊन जंगलातून आली, जहाजाकडे अधूनमधून बघितलं, चूल पेटवली, होड्या परत आल्या, मासे भाजायला घेतले. बँक्स बिचारा चक्रावून गेला. का बघितलं नाही ह्यावर लोकांनी बरंच डोकं चालवलंय, मला वाटतं ज्याच्याशी नक्की काय ते ठरलेलं नाही त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, एवढंच असावं.

पण होडी किनाऱ्याला लागायला आली तेव्हा दोन पुरुष भाले घेऊन उभे राहिले. दोघंच, समोर तीसचाळीस माणसं. बंदुकीचे छर्रे लागले तरी लगेच हटले नाहीत. ते ओरडत होते 'वारा वारा वाय', त्याचा अर्थ बरीच वर्षं 'चालते व्हा' असा लावला गेला, आज तिथले वडीलधारे सांगतात की त्यात मेलेल्यांचा, भुतांचा उल्लेख आहे. कुकने त्यांच्या झोपड्यांत मणी, कापड, खिळे ठेवले. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर मणी तसेच पडलेले. शेवटी त्यानेच लिहिलंय की आम्ही निघून जावं एवढंच त्यांना हवं होतं.


काठावरचा

म्हणजे मी मासे सुकवत असतो तर मासेच सुकवत राहिलो असतो. ठीक आहे, पटतंय.

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवटचं एक, ज्यांना स्पॅनिश वगैरे येत नाही त्यांच्यासाठी बघण्यासारखं काही आहे का? वाचायला नाही, बघायला.


मधली सुट्टी

ग्वामान पोमा शोधा. पेरूचा, अँडीज डोंगरातला स्थानिक माणूस, १६१५ च्या सुमारास त्याने स्पेनच्या राजाला एक पत्र लिहिलं, पत्र म्हणजे जवळजवळ बाराशे पानं आणि त्यात ३९८ पानभर चित्रं. राजाने ते पाहिल्याची काही खूण नाही. १९०८ मध्ये ते कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीत सापडलं, आणि आता त्यांनी सगळं ऑनलाइन फुकट ठेवलंय.

त्यात एक चित्र आहे, इंका आणि एक स्पॅनिश माणूस समोरासमोर बसलेत, मध्ये सोन्याने भरलेलं भांडं. इंका विचारतोय, हे सोनं तुम्ही खाता का? आणि स्पॅनिश माणूस म्हणतोय, हो, खातो.


खवचट खार

लिंक द्या की.


मधली सुट्टी

देते, मोबाइलवर आहे आत्ता. रात्री टाकते.